जामीनपत्र वाचून दाखवणारा

बँकांना सल्ला देणारं वकिलांचं ऑफिस म्हटलं की लोकांना काचेच्या इमारती दिसतात. आमचं ऑफिस स्वारगेटच्या मागच्या गल्लीत आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी दातांचा दवाखाना. जिन्यात उभं राहिलं की भिंतीपलीकडून दात कोरल्याचा आवाज येतो आणि आमच्याकडे सहीला आलेली माणसं उगाच घाबरतात. तीन-चार सहकारी बँका आणि एक मोठी बँक यांच्या पॅनेलवर आम्ही आहोत. कर्ज द्यायच्या आधी मालमत्तेचे कागद तपासायचे, गहाणखत करायचं, जामीनपत्र करायचं; आणि कर्ज बुडालं की त्याच कागदांच्या जोरावर वसुली करून द्यायची. म्हणजे लग्नही आम्हीच लावतो आणि काडीमोडही आम्हीच.

मी यवतमाळकडचा. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे ऐकून लोकांचे डोळे ओले होतात, मला ते अजिबात आवडत नाही. बी.कॉम. मी केलं, पुण्यात येऊन वकिली मी केली, मार्क मला मिळाले. त्यात ओलं होण्यासारखं काही नाही.

मुलाखतीला ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, माझे कागद चाळले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, “विदर्भातून आलात. छान. इथे ‘करून राहिलो’ वगैरे करायचं नाही. इथे नुसतं करायचं.”

सर पेठेतले. ऑफिसात सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचे, आणि ज्याला ‘आपण’ म्हणतील त्याचा अपमान ठरलेला. मी सहा महिन्यांत माझी बोली धुऊन काढली. ‘ळ’ ऐकू येईल असा म्हणायला लागलो. सर एकदा म्हणाले की आपले उच्चार आता बऱ्यापैकी बरे व्हायला लागले आहेत, जणू मला कसलासा आजार होता. मी ते कौतुक म्हणून घेतलं. अजूनही घेतो.

त्या ऑफिसात एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. मी यायच्या आधी कधीतरी एका जामीनदार बाईनं वसुलीच्या कोर्टात सांगितलं होतं की कागद इंग्रजीत होता, मला कुणी समजावलं नाही, सही कर म्हणाले म्हणून केली. प्रकरण वर्षानुवर्षं अडकलं. बँक सरांवर नाराज झाली, अर्धं काम काढून घेतलं. तेव्हापासून सरांनी नियम केला. जामीनदाराला इंग्रजी येत नसेल तर अख्खं जामीनपत्र मराठीत सांगायचं, मोबाईलवर त्याचं चित्रण करायचं, आणि शेवटी जामीनदारानं समजलेलं स्वतःच्या शब्दांत उलट सांगायचं. शेवटचा प्रश्न ठरलेला असे : उद्या हप्ते थांबले तर काय होईल? त्याचं उत्तर मोघम आलं तर पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसातल्या पोरी याला ‘तोंडी परीक्षा’ म्हणायच्या.

बाहेरच्या माणसाला वाटायचं, किती सचोटीचं ऑफिस आहे. दुसरे वकील ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणत बोटानं जागा दाखवतात, हे बिचारे तासभर घसा कोरडा करतात. सचोटीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. ज्याला नीट समजलंय त्याला नंतर ‘समजलं नव्हतं’ म्हणता येत नाही, एवढाच हिशेब. मी जितकं सोपं करून सांगेन तितकं पाठीमागचं दार घट्ट बंद होणार.

आणि मी फार सोपं करून सांगायचो. रिक्षावाले, भाजीवाल्या, निवृत्त वॉचमन, सगळ्यांना माझं सांगणं कळायचं. बँकेची माणसं फोन करून विचारायची, वाचनाला ते तुमचे विदर्भातले आहेत ना? सरांची लेक, जी पुढे ऑफिस सांभाळणार होती, तिनं एकदा वाचन घेतलं. जामीनदार आजोबा अर्ध्यात झोपले. माझ्या वाचनात कुणी झोपलं नाही.

आता काकूंबद्दल सांगतो.

बिबवेवाडीत मी सुरुवातीची सहा-सात वर्षं राहिलो, तिथे पलीकडच्या सोसायटीत तळमजल्यावर काकूंची खाणावळ होती. त्यासुद्धा आमच्याच भागातल्या. नवरा इथे कारखान्यात होता, तो गेल्यावर त्याच्या फंडातून त्यांनी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर विकत घेतलं, स्वतःच्या नावावर. पुढच्या खोलीत टेबलं, मागच्या खोलीत त्या आणि त्यांचा मुलगा. आमच्याकडची पोरं तिथेच जेवायची, कारण वरणाला तिखटाची फोडणी आणि आठवड्यातून एकदा झुणका-ठेचा पुण्यात दुसरीकडे तसा मिळत नव्हता. माझे पैसे कधीकधी दोन-दोन महिने थकायचे. त्यांनी वाढायचं थांबवलं नाही, पण सगळ्यांसमोर बोलायचं सोडलंही नाही. ‘वकील व्हायच्या आधी चोर झाला हा,’ असं म्हणून पोळी टाकायच्या. मी वकील झालो, पगार मिळायला लागला, तरी सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण तिथलंच. तेव्हा त्या नवीन आलेल्या पोरांना माझ्याकडे बोट करून दाखवायच्या की हा पाहा, हाही असाच थकवायचा.

एका सकाळी बँकेकडून आलेली फाईल माझ्या टेबलावर आली. कंपन्यांतल्या लोकांची ने-आण करण्यासाठी गाड्या घ्यायच्या होत्या, त्याचं कर्ज. कर्जदार काकूंचा मुलगा. जामीनदार काकू. गहाण, त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.

मुलाला मी ओळखून होतो. वाईट नव्हता, एव्हाना लग्नही झालं होतं. पण हात लावलेलं एकही काम त्यानं शेवटाला नेलेलं मी पाहिलं नव्हतं. जिम, मग मोबाईलचं दुकान, मग कुणाच्या तरी सोबत केटरिंग. प्रत्येक वेळी पहिला महिना नवा शर्ट आणि चौथ्या महिन्यात भागीदाराला शिव्या.

मी सरांकडे गेलो. म्हटलं, जामीनदार बाई माझ्या ओळखीच्या आहेत, वाचन दुसऱ्या कुणाला द्या.

सर म्हणाले, “ओळखीच्या आहेत? मग उत्तमच. परक्यानं सांगितलेलं माणूस विसरतो.”

मी तरी उभा राहिलो. तेव्हा त्यांनी मान वर करून विचारलं की आपल्याला पगार कोण देतं, बँक का त्या बाई? मी जागेवर येऊन बसलो.

संध्याकाळी जेवायला गेलो तेव्हा सांगता आलं असतं, असं कुणी म्हणेल. बँकेच्या वकिलानं जामीनदाराला एकटं गाठून ‘सही करू नका’ म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही ते तसं म्हणतात. माझी सनद गेली असती. हमालाच्या पोराची सनद गेली की ती पुन्हा शिवून मिळत नाही. त्या रात्री काकू स्वतःच खुशीत होत्या. पोट्टा आता मार्गाला लागणार, गाड्यांवर कुणाचं नाव घालायचं, असं चाललं होतं. मी जेवलो आणि गेलो.

पण जाता जाता मला एक गोष्ट सुचली. सगळं खरं, सगळं वाईट, मोठ्यानं बोलायची परवानगी मला एकाच ठिकाणी होती : वाचनाच्या टेबलावर. तिथे मी कितीही कडक बोललो तरी मला कुणी अडवू शकत नव्हतं, उलट तेच माझं काम होतं. ठरवलं की असं वाचायचं की बाई उठून निघून गेली पाहिजे.

वाचनाच्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. मुलगा नव्या शर्टात. बँकेची कर्जविभागाची बाई टेबलाच्या टोकाशी, सर खिडकीशी पेपर वाचत. मोबाईल स्टँडवर लावून चालू केला. काकूंना वाटत होतं की इथे ओळखीचा माणूस निघाला म्हणजे आपलं काम झटकन होणार. बसताबसता त्यांनी मला विचारलं की सकाळचा डबा का नेला नाहीस.

मी वाचायला लागलो. पहिली दोन पानं नेहमीसारखी, पुण्याच्या मराठीत. मग मला दिसलं की त्या ऐकत नाहीयेत, खोलीतला एसी बघतायत. तेव्हा मी त्या ऑफिसात पहिल्यांदा आमच्या बोलीत आलो. सरांचा पेपर खाली झाला. बँकेच्या बाईला हसू आलं, तिनं ते पाण्याच्या ग्लासात दाबलं.

मी म्हटलं, “काकू, इकडे पाहा. पोट्ट्यानं हप्ते नाही भरले तं बँक पोट्ट्याले शोधत नाही बसणार. थेट तुमच्या दारात येईन. तुमाले हे नाही म्हणता येणार का आधी त्याच्या गाड्या न्या. आधी तुमचंच घर नेऊ शकते. त्यात तुमचं जेवढं आहे तेवढं सगळं बाहेर ठेवतीन, भांडे, पाट, गॅस. पोलिस सोबत राहते.”

त्या आता ऐकायला लागल्या होत्या. मुलगा चुळबुळत होता. मला वाटलं, जमतंय. म्हणून मी थांबलो नाही. जामीनपत्रात नव्हतं तेही बोललो. म्हटलं, तो तुमाले सांगणार बी नाही का हप्ते थकले म्हणून. फोन बंद करन अन् सासऱ्याच्या घरी जाऊन बसन. जिमचं काय झालं? दुकानाचं काय झालं? तुमी एकट्याच उभ्या राहान रस्त्यावर.

मुलगा उठला. हा काय वकील आहे का कोण आहे, असं बँकेच्या बाईला विचारायला लागला. पण बोलल्या काकू. त्यांनी त्याला मनगटाला धरून खाली बसवलं आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होतो, असा पाहिला नव्हता.

“माह्या पोट्ट्यावर थुंकाले मले इथं बलावलं का तुनं? लोकायसमोर? तू माहे दोन-दोन महिन्याचे पैसे थकवत होता, तवा मी तुले म्हटलं का का तू पयून जाशीन म्हणून? तुह्या बापाले तरी तुह्याबद्दल तेवढा भरोसा होता का?”

पलीकडच्या दवाखान्यात मशीन चालू होतं.

सरांनी पेपर घडी करत शांतपणे सुचवलं की आपला प्रश्न राहिला आहे. ठरलेला प्रश्न. तो मला विचारावाच लागला. उद्या हप्ते थांबले तर काय होईल?

“हप्ते थांबले तं माहं घर जाईन. माहे भांडे रस्त्यावर येतीन. पोलिस येतीन. समजलं मले, मी काही खुळी नाही. आण तो कागद.”

कागद मी पुढे करायच्या आत त्यांनी ओढून घेतला. सही करताना पेन इतकं दाबलं की खालच्या पानावरही उमटलं. मुलगा माझ्याकडे बघून हसत होता.

सगळे गेल्यावर सर म्हणाले की इतकं स्वच्छ उत्तर त्यांनी हायकोर्टातसुद्धा ऐकलं नाही. बोली चालेल, म्हणाले, फक्त टेबलापुरती.

त्या संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला खाणावळीत गेलो. काकू दारातच होत्या. म्हणाल्या, जागा नाही. आत दोन खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. त्यांनी माझी नजर पाहिली आणि मागे वळून आतल्या पोराला म्हणाल्या की त्या खुर्च्यांवर आपल्या पिशव्या ठेव. मी पुढे चौकात जाऊन डोसा खाल्ला. पुन्हा तिकडे गेलो नाही. मलाही माझा मान आहे.

पुढचं जे झालं ते मी त्या टेबलावर सांगितलं होतं तसंच झालं, म्हणून त्यात सांगण्यासारखं फार नाही. ज्या कंपनीसाठी गाड्या धावायच्या तिनं दुसऱ्याला कंत्राट दिलं. दोन गाड्या मुलानं गुपचूप मित्राच्या नावानं चालवायला दिल्या. हप्ते थकल्याचं काकूंना बँकेची नोटीस दारावर चिकटली तेव्हा कळलं. मुलाचा फोन बंद. तो बायकोला घेऊन नागपूरला सासऱ्याकडे गेला होता. मी ते बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं, मला काही स्वप्न पडलं नव्हतं. पण ऑफिसातल्या पोरी मला काही दिवस ‘ज्योतिषी’ म्हणत होत्या.

काकूंनी वकील केला. तरुण, घाईतला. त्यानं तोच जुना अर्ज टाकला : अर्जदार अल्पशिक्षित, कागद इंग्रजीत, समजावून सांगितलं नाही, बँकेच्या वकिलानं ओळखीचा गैरफायदा घेऊन सही घेतली. हे शेवटचं माझ्याबद्दल होतं. खरं सांगतो, ते वाचून माझं डोकं फिरलं. माझ्याबद्दल काहीही म्हणा, पण मी समजावलं नाही असं म्हणू नका. चित्रण शोधून, त्याची प्रत काढून, ते अस्सल असल्याच्या प्रमाणपत्रासकट मीच दाखल केलं. सरांनी सांगायची वाट पाहिली नाही.

सुनावणीला काकू आल्या होत्या. वाळल्या होत्या. लॅपटॉप टेबलावर ठेवून चित्रण लावलं. आधी माझा आवाज, मग त्यांचा. आमची बोली त्या खोलीत सुरू झाल्यावर मागच्या बाकावरचे दोन वकील एकमेकांना कोपरानं ढोसून हसले. ‘माह्या पोट्ट्यावर’ला तर कुणीतरी तोंडावर हात धरला. काकूंच्या वकिलाला चित्रणाबद्दल त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, आणि आम्ही दिलेली प्रत त्यानं उघडूनही पाहिली नव्हती, हे त्याच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. तो फाईलची दोरी बांधायला लागला.

पीठासीन अधिकाऱ्यांनी त्यांना उभं करून विचारलं की हा आवाज तुमचाच का. वकील खालच्या आवाजात काहीतरी सुचवत होता. आठवत नाही म्हणा, असं असणार. एवढं म्हणाल्या असत्या तरी प्रकरण वर्ष-दोन वर्षं लांबलं असतं, त्या तेवढा काळ त्या घरात राहिल्या असत्या. मी समोरच्या बाजूला बसलेलो, आणि मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा. म्हणून टाका.

“माहाच आहे,” त्या म्हणाल्या. “अन् त्यानं खरंच सांगितलं होतं.”

अर्ज फेटाळला गेला. बाहेर जिन्यात सर मला म्हणाले की आपल्या साक्षीदाराला आपण फीदेखील दिली नाही. ते स्वतःच्याच विनोदावर पहिल्या मजल्यापर्यंत हसत उतरले.

ताबा घ्यायच्या दिवशी मी नको म्हणून सांगितलं होतं. पण बँकेनं माझंच नाव दिलं, ओळखीचा माणूस असला की तमाशा होत नाही म्हणून. त्या दिवशी सकाळी आम्ही गेलो : मी, मंडल अधिकारी, बँकेची तीच बाई, कुलूप-सील घेऊन आलेला माणूस आणि चार पोलिस, त्यातल्या दोघी महिला. सोसायटीची माणसं बाल्कन्यांत.

तमाशा झालाच नाही. काकूंनी दार उघडं ठेवलं होतं. खाणावळीची पोरं आठवड्यापूर्वीच दुसरीकडे गेली होती, पण स्वयंपाक केलेला होता. भलंमोठं पातेलं वरण, पोळ्यांची चवड, वांग्याची भाजी. मंडल अधिकारी म्हणाले की बाई, सामान काढायला लागा. त्या म्हणाल्या की शिजलेलं टाकून देत नाही मी, तुम्ही आधी जेवून घ्या. भांडी काय, ती तुम्हालाच काढायची आहेत.

सकाळपासून निघालेले लोक होते. आधी ना-ना म्हणाले, मग बसले. पोलिस बसले, कुलूपवाला बसला, मंडल अधिकारी बसले. बँकेची बाई आधी घड्याळ बघत होती, शेवटी तीही टेकली. काकूंनी पानं मांडली आणि ओळीनं वाढत आल्या. मी टोकाला उभा होतो. मला बसा म्हणून हवालदारानं जागा करून दिली, बसलोही. काकू माझ्यापर्यंत आल्या, पळी वर धरली आणि मला वगळून पुढे गेल्या.

हवालदार म्हणाला, “मावशी, साहेबांना राहिलं.”

“त्याले नको,” त्या म्हणाल्या. “त्याचं पोट भरलं आहे.”

सगळे जेवले. मी रिकाम्या पानासमोर बसून राहिलो, कारण उठलो असतो तर ते जास्त दिसलं असतं. बँकेच्या बाईनं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. मग हात धुऊन सगळे कामाला लागले. टेबलं बाहेर आली, पातेली बाहेर आली, गॅसची शेगडी अजून गरम होती तशीच बाहेर आली. मी पंचनाम्यावर लिहिलं की ताबा शांततेत मिळाला. ते खरंही होतं. कुलूप लागलं, सील झालं.

काकू सोसायटीच्या फाटकाशी आपल्या भांड्यांच्या ढिगाजवळ टेम्पोची वाट पाहत उभ्या होत्या. हवालदार रुमालानं मिशा पुसत त्यांच्याकडे गेला. भला माणूस होता, त्याला खरंच वाटलं असावं. विचारत होता की मावशी, आता खाणावळ कुठे टाकणार, पत्ता द्या, आम्ही येत जाऊ.

काकूंनी माझ्याकडे न बघता बोट केलं.

“त्याले पुसा. त्याले समदं आधीच माहीत राहते.”

हवालदार माझ्याकडे वळला. मी म्हटलं, मला नाही माहीत. तो म्हणाला, असू द्या साहेब, पण भाजी झकास होती.